वरची अर्धी वाट

कर्जतला उतरून कोंडाण्याकडे निघालात की भेटेल तो माणूस तुम्हाला लेणी बघायला सांगेल. बघा, लेणी चांगलीच आहेत. पण मी सांगतो आहे ती वाट लेण्यांच्या अलीकडेच डावीकडे रानात शिरते आणि सरळ डोंगराच्या पोटात घुसते. तिला मेळ्याची नाळ म्हणतात. नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधून पावसाच्या पाण्याने कोरलेली उभी घळ. तिच्यातून माणूस चढतो-उतरतो. बैल नाही, घोडा नाही, आणि पायपेटी तर नाहीच नाही. हे शेवटचं मी ती वाट उतरल्यावर सांगतो.

मी पेटीवाला. आयुष्याची उमेदीची वर्षं एका संगीत नाटक मंडळीत पेटी वाजवण्यात घालवली. गेल्या वर्षी बोलपटाने आमची मंडळी गिळली. पडदे भंगाराच्या भावात गेले, राजाचं सिंहासन एका न्हाव्याने दुकानासाठी नेलं आणि मी पुण्यात शिकवण्या धरून बसलो. डोकं सदा तापलेलं. घरात माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बहीण, चंद्राआक्का. ती माझ्यापेक्षाही तापट, फक्त तिचा आवाज चढत नाही, एवढाच फरक.

आमचे वडील, दादा, तमाशाचे सरदार. त्यांचा फड दर वर्षी पाऊस सरला की देशावरून या नाळेनं खाली कोकणात उतरायचा आणि कडाव, कर्जत, खालापूर करत भाताच्या खळ्यांवर खेळ लावायचा. आक्का त्या फडात गायची, नाचायची. मी तेव्हा तिच्या कडेवर. मला त्यातलं काही आठवत नाही. जे आहे ते तिच्या तोंडून ऐकलेलं.

त्याच वर्षीच्या गौरीगणपतीला भिका ढोलकीवाला आमच्याकडे आला. हा दादांच्या ढोलकीवाल्याचा मुलगा, माझ्याच वयाचा, आणि भूक मात्र तिघांची. कर्जतकडे खेळ करून आला होता. पुरणपोळी खाता खाता म्हणाला, "आक्का, ते नाळेखालचे ठाकर अजून वाट साफ करत्यात बरं का."

आक्का तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "कुठवर?"

"टेपापतूर."

तिने सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, झालं, आता काहीतरी निघणार.

आता तो रिवाज सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पावसाळ्यात नाळ कारवीने आणि गवताने बुजून जाते. खालच्या वाडीचे ठाकर खालून वर झाडी तोडत यायचे. वरून फड आपली बाजू तोडत उतरायचा. नाळेच्या मध्यावर एक सपाट टेप आहे, तिथे दोघांची गाठ. मग फड हंगामातला पहिला खेळ त्या ठाकरांसाठी करायचा. ताट फिरवायचं नाही, दौलतजादा नाही. गावात खेळ असला की ठाकर बिचारे कुंपणाबाहेर उभे राहून बघणार. टेपावर मात्र ते सगळ्यांच्या पुढे बसायचे, आपापले कोयते समोर ओळीने मांडून. तो खेळ झाला की वाट उघडली.

एका वर्षी मुंबईच्या कुणा ठेकेदाराने सगळ्या फडाची रेल्वेची तिकिटं पाठवली. दादांनी फड गाडीत घातला. खाली निरोप द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि टाळलं, देव जाणे. गाडी घाट उतरत होती आणि सतरा वर्षांची आक्का मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती.

"टेपावर धूर दिसत व्हता, गणू," ती मला नेहमी सांगायची. "ढोलकी शेकायला इस्तू लागतो म्हणून ते पेटवायचे. आपल्यासाठी पेटवलेला, आन् आपण गाडीत."

दादा म्हणाले, पुढल्या साली दोन खेळ करू. पुढल्या सालीही रेल्वेच धरली. नंतर दादाच गेले.

तर त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलेली आक्का वळली आणि म्हणाली, "माझा आवाज हाय तवर, आन् त्या धुरापाशी बसलेलं येक तरी माणूस जित्तं हाय तवर, तो खेळ झाला पायजे."

"आक्का, तुझे गुडघे!"

"गुडघ्यांनी गाणार न्हाई मी."

झालं. निघालो.

कर्जत

कोजागिरी करून आम्ही तिघं पुण्याहून गाडीत बसलो. घाटात आक्का मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसली. भिकाने सोबतच्या दशम्या खंडाळ्यापर्यंत संपवल्या.

कर्जतला एक वकीलसाहेब राहतात. आमच्या मंडळीच्या नाटकांचे मोठे शौकीन, माझ्या पेटीवर त्यांचा जीव. त्यांच्याकडे उतरलो. माणूस खरोखर अगत्याचा. मला माजघरात पाट, चांदीचं फुलपात्र, वालाचं बिरडं, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. आक्काचं आणि भिकाचं पान मात्र पडवीत. मी म्हटलं, मलाही पडवीतच वाढा. वकीलसाहेब ओशाळले, वाढलं. पुण्यात काही वेगळं होतं असं नाही, पण पुण्यात मी चिडत नाही. सवय झालेली आहे. परगावी ते नव्याने बोचतं.

जेवणानंतर सुपारी कातरत त्यांनी नाळेची कीर्ती सांगितली. त्यांच्या वडिलांच्या वेळी म्हणे दसरा ते दिवाळी त्या टेपावर नुसता धुमाकूळ असायचा. वरून उतरणारे सगळे तिथे मुक्काम टाकणार: शाहीर, गोंधळी, बहुरूपी, चित्रकथी. दोन शाहीर एकमेकांना कोडी घालत बसले तर खालच्या गावांत खेळ अडून राहायचे. मोहाची पिऊन कवनं रचायची, सकाळी निम्मी विसरायची. एक सोंगाड्या वरच्या धनगराच्या पोरीशी लग्न लावून तिथेच राहिला. एका गोंधळ्याची बायको बहुरूप्याबरोबर गेली आणि गोंधळ्याने त्याच्यावरच पद केलं.

"सभ्य माणसाने जाण्याची जागा नव्हे ती," वकीलसाहेब म्हणाले, पण सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. "दारू, गांजा आणि तमासगीर. बाईंना कशाला तिकडे ओढत नेता?"

पडवीतून आक्का म्हणाली, "खरं हाय सायेब. मी तिथंच चालायला शिकले."

वकीलसाहेबांच्या हातातला अडकित्ता थांबला. मग त्यांनी पुष्कळ सुचवलं. त्यांच्या दिवाणखान्यात माझं पेटीवादन ठेवू, आक्कांनी वाटल्यास एखादं भजन म्हणावं, त्या ठाकरांनाही बोलावून अंगणात बसवू. मला, खोटं कशाला सांगू, ते पटत होतं. सोपं होतं. आक्का फक्त म्हणाली, "अंगणात नगं. त्यांना पुढं बसायचं हाय." आणि पानाचा विडा तोंडात घालून विषय मिटवला.

नाळेखालची वाडी

दुसऱ्या दिवशी पेटी वकीलसाहेबांकडे ठेवून आम्ही चालत निघालो. भात कापणीला आलेलं, सगळीकडे तो ओलसर गोड वास. कोंडाण्याच्या पुढे वाडी लागली. कारवीच्या कुडाची घरं, शेणाने लिंपलेली अंगणं अशी स्वच्छ की पायताण बाहेर काढावंसं वाटलं.

अंगणात एक म्हातारा टोपली विणत होता. त्याचं नाव चांगो. आक्का त्याच्यासमोर उभी राहिली आणि नाव-गाव काही न सांगता पदरातून आपले जुने चाळ काढून त्याच्यापुढे धरले. घाट उतरताना ती पायात चाळ बांधायची, जनावराला चाहूल लागावी म्हणून.

चांगोने चाळ बघितले, मग तिला बघितलं. "तू सरदाराची पोर."

"व्हय."

"तवा बारीक व्हतीस."

"तूबी व्हतास."

एवढंच. म्हातारा हसलाही नाही, रडलाही नाही. मी आपला घसा खाकरत उभा. एखादं नाटक असतं तर इथे पेटीवर भैरवी धरली असती. त्याच्या सुनेने, ठमीने, आम्हाला भाकरी दिली, वर सुकटीची चटणी आणि कापलेलं तवसं, म्हणजे हातभर लांब काकडी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापताना बडवतात. इथे तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने नुसती गोंजारून पसरतात. भिकाने त्या गोंजारलेल्या पाच खाल्ल्या.

मग चांगो आम्हाला नाळेत घेऊन गेला. आणि काय सांगू, वाट अंगणासारखी साफ! अडचणीचे दगड बाजूला रचलेले, कारवी मुळापासून छाटलेली. आक्का ठमीच्या खांद्याचा आधार घेत, प्रत्येक वळणावर दम खात चढली. उन्हं डोक्यावर यायच्या सुमाराला टेपावर पोचलो. चार खोल्यांच्या घराएवढी सपाट जागा, एका बाजूला उंबर, त्याच्या बुडाशी झरा. आणि वरच्या अंगाला?

वरच्या अंगाला भिंत. माणसाच्या दीडपट उंचीची कारवी, तिच्यात गुरफटलेल्या वेली. तिथून पुढे वाट होती असं सांगितलं तर कुणी वेड्यात काढेल. खालची अर्धी दर वर्षी साफ होत होती, वरच्या अर्धीला इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

"वरची का नाही तोडली?" मी विचारलं.

चांगोने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला शेजाऱ्याच्या चुलीत लाकूड का नाही घातलंस असं विचारतो आहे. "ती आमची नाय."

"मग ही खालची तरी कशाला तोडता? इथून जातं कोण?"

"ही आमची हाय."

मी हात टेकले. म्हटलं, बरं बाबा. वाट राहू दे. आक्का आली आहे, ढोलकी आहे, तुमची माणसं बोलवा, उद्या खेळ करू.

चांगो उकिडवा बसला. अगदी शांतपणे म्हणाला, "तुमी खालून आलाव. पावनं म्हणून आलाव. भाकर खा, र्‍हावा, मन व्हईल तवर र्‍हावा. पर फड वरून येतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो बाबा, गाणं वरून आलं काय नि खालून आलं काय! ही बाई गुडघे धरून इथवर चढली, ते दिसत नाही तुम्हाला? काही रीतभात आहे की नाही?"

"गणू, गप," आक्का म्हणाली. "त्याचं बरोबर हाय." ती उंबराला टेकून बसली होती. घामाने चेहरा डबडबलेला, पण मी तिला इतकी ताजी फार दिवसांत पाहिली नव्हती. "चूक माझी हाय. रेल्वेनं आले मी. दादांनीबी रेल्वेच धरली व्हती."

मग चांगोकडे वळून तिने विचारलं, "तुमी वर कवा येऊन बसता?"

"वाघबारशीला."

दिवाळीच्या तोंडावर ठाकर वाघदेवाला पुजतात, त्याला वाघबारस म्हणतात. त्या दिवशी पूजा आटोपून सगळी वाडी टेपावर येऊन दुपारभर बसते. का बसते म्हणून विचारलं तर म्हणाले, बसतो. बस्स.

"वाघबारशीला वरून येतो," आक्का म्हणाली. "इस्तू पेटवून ठेवा."

मी म्हटलं, मजूर लावून वरची बाजू तोडून घेऊ. आक्काने नुसतं पाहिलं. फडाची बाजू फडाने तोडायची. आणि फड म्हणजे कोण, तर ती, भिका आणि मी.

वरून

कर्जतच्या बाजारात दोन कोयते घेतले. वकीलसाहेब पेटीकडे आणि माझ्या हातांकडे आळीपाळीने बघत राहिले. पुन्हा गाडी, पुन्हा घाट, या वेळी उलटा. खंडाळ्याला उतरून राजमाचीच्या रानाकडे दिवसभर चाललो. आक्काला एका गाडीवाल्याने जिथवर गाडी जाते तिथवर नेलं. नाळेच्या तोंडाशी धनगरांची दोन घरं आहेत. त्यांनी गोठ्याशेजारची खोपी दिली, रोज सकाळी ताक दिलं, आणि आम्ही काय करायला आलो आहोत ते ऐकून पोट धरधरून हसले.

हसण्यासारखंच होतं. मी जन्मात कधी कोयता धरला नव्हता. पहिल्या दिवशी कारवीपेक्षा मीच जास्त सोलून निघालो. कारवीचा दांडा दिसतो बोटाएवढा, पण ओला असताना कोयता त्याच्यावरून घसरतो आणि तुमच्या नडगीकडे येतो. दुसऱ्या दिवशी एका गांधीलमाशीने कानाला डसून कानाचं भजं केलं. भिकाने त्यावर चुना लावला आणि म्हणाला, "मास्तर, आता जरा गवयासारखं दिसताय." तळहातांना फोड आले, फुटले, त्यांच्यावर पुन्हा आले. बोटं मिटेनात. पेटीवाल्याची बोटं! रोज संध्याकाळी मी ठरवायचो की सकाळी उठून सरळ खंडाळ्याची वाट धरायची. रोज सकाळी उठून बघावं तर आक्का माझ्या आधीच खोपीबाहेर, कोयत्याला दगडावर धार लावत बसलेली. काय बोलणार?

ती आमच्या मागे बसून उतरायची, अक्षरशः बसून, एक एक दगड सरकत. आणि वाट तीच दाखवायची. घळीला फाटे फुटले होते, नवे दगड कोसळले होते, काहीच ओळखू येत नव्हतं. पण फडातल्या लोकांनी प्रत्येक अवघड जागेला आपलं नाव ठेवलेलं होतं, आणि ती नावं तिला सगळी पाठ. एक होती ढोलकीची चिमट: कडे इतके जवळ येतात की ढोलकी गळ्यात ठेवून माणूस जात नाही, डोक्यावर घ्यावी लागते. पुढे सोंगाड्याची सांड, कुणी सोंगाड्या तिथे घसरून आपटला होता म्हणून. मग तुणतुण्याची कपार, भर उन्हातही तुणतुण्याचा सूर उतरत नाही अशी सावलीची जागा.

एकदा आम्ही पूर्ण दिवस खपून एक फाटा साफ केला. बरोबर खाली जातोय म्हणून खुशीत होतो. आक्का सरकत सरकत आली, दोन्ही बाजूंच्या कड्यांवर हात ठेवून पाहिला. "भिका, ढोलकी गळ्यात घे आन् जा बरं फुडं."

भिका गेला. ढोलकी आरामात गेली.

"ही चिमट नव्हं. इथनं आमी कधी गेलो न्हाई."

मी चिडून पुढे गेलो तर दहा पावलांवर वाट संपली. खाली सरळ कडा, आणि फार खाली दरीतली भातखाचरं. मी मागे आलो, कोयता दगडावर आपटला आणि ओरडलो, "बास! मेलेल्या लोकांच्या ढोलक्या कुठे अडकत होत्या त्याच्यावर मी माझे हात फोडून घेणार नाही! दादांनी नाही केलं, मी का करू?"

आवाज कड्यांत दोनदा घुमला.  आक्काने माझा तळहात हातात घेतला, पदर फाडला आणि पट्टी बांधायला लागली. बांधता बांधता म्हणाली, "दादांना कळत व्हतं रं. मरताना माझा हात धरून म्हणाले, चंद्रे, लई धूर झालाय, डोळ्यांत जातोय. घरात चूल इझलेली व्हती."

हे तिने मला आजवर सांगितलेलं नव्हतं.

 मी डाव्या हाताने कोयता उचलला. दुसऱ्या फाट्यात दुपारनंतर भिका पुढे होता. एकाएकी त्याची शिवी ऐकू आली. ढोलकी दोन कड्यांत अडकली होती आणि भिका तिच्यामागे लटकला होता. आक्का एवढी हसली, एवढी हसली, की तिला उचकी लागली.

टेप

वाघबारशीच्या दिवशी सकाळपासून आम्ही शेवटची झाडी तोडत होतो. उन्हं कलायला लागली तरी टेप दिसेना.  चुकलो तर? उशीर झाला आणि ती माणसं उठून गेली तर? पुन्हा तेच, पुन्हा बसून बसून परत जाणार ते. मी वेड्यासारखा कोयता चालवत होतो.

आणि मग वास आला. धुराचा.

आक्का जागच्या जागी थांबली. दगडावर बसून तिने पायात चाळ बांधले. गाठ बसेना. मी बांधायला गेलो तर हात झटकला. मग ती उठून उभी राहिली. राहिलेला उतार ती बसून सरकली नाही, चालत उतरली, भिकाच्या खांद्यावर हात ठेवून. छन्, छन्.

खालून आवाज आला. चांगोचा. पूर्वी टेपावरून असाच पुकारा व्हायचा आणि सरदाराने आपल्या फडाचं नाव सांगायचं, हा रिवाज.

"कोण उतरतंय?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. घरात पुरुष मी, नाव मी घ्यायचं. पण कोणाचं घेऊ? दादांचं?  मधे कारवीचा शेवटचा पडदा.

मग आक्काच ओरडली. खुल्या, खणखणीत आवाजात, पूर्ण नाळ भरून:

"मागल्या खेपेला न आलेला फड!"

पलीकडे कुणी बोलेना.  

"लई येळ केला रं!" चांगो म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा. "या. या, उतरा."

मी शेवटची कारवी तोडली. सगळी वाडी बसली होती, बाया, पोरं, म्हातारे, अंगावर धुतलेले कपडे, आणि सगळ्यांच्या पुढे कोयत्यांची ओळ. काही कोयत्यांच्या मागे माणसं नव्हती, नुसती बसायची जागा सोडलेली. दोनतीन पात्यांना तर मूठही उरली नव्हती.  आक्काने ते पाहिलं, आणि आधी त्या रिकाम्या जागांसमोर जाऊन मुजरा केला.

भिकाने ढोलकी शेकली. पेटी कर्जतला होती, आणि असती तरी माझी बोटं मिटत नव्हती. आक्काने बरोबर आणलेलं दादांचं तुणतुणं माझ्या पट्टी बांधलेल्या हातात दिलं. एक तार. मंडळीत असताना मी तुणतुण्याला नाक मुरडायचो. त्या दिवशी एकच सूर धरून उभा होतो आणि तो सुटू नये म्हणून देवाची प्रार्थना करत होतो.

आक्का गायली. गण झाला, गौळण झाली. आवाज वरच्या पट्टीत चिरत होता, दम दोनदा सुटला. तिने लपवलं नाही; थांबली, श्वास घेतला, तिथूनच पुढे उचललं. भिकाने आणि मी मिळून बतावणी केली. माझ्या सुजलेल्या कानावरच पोरं लोटपोट झाली. मग तिने लावणी घेतली, बसून, नुसत्या हातांनी आणि डोळ्यांनी. चांगो ताठ बसून ऐकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसत नव्हता.

एक खेळ संपला. लोक उठायला लागले. आक्का म्हणाली, "बसा. दादांनी दोन कबूल केल्यात." आणि पुन्हा गण धरला.

खालापूर

पूर्वी टेपानंतर फड सगळं रान उतरून खळी घ्यायचा, म्हणून आक्काने खालापूरपर्यंत जायचंच ठरवलं. कर्जतहून पेटी घेतली, बैलगाडी केली. खालापूरला तिला कुणी ओळखलं नाही. ज्या पारावर खेळ व्हायचा तिथे आता एक हॉटेलवाला भजी तळतो. ती पारावर बसली, भजी खाल्ली, "तेल जुनं हाय" म्हणाली आणि उठली. तिला एवढंच हवं होतं.

टेपावरून निघतानाची एक गोष्ट राहिली. मी माझा कोयता चांगोला देऊ केला. म्हटलं, बाबा, तुम्हाला कामाला येईल, पुण्यात मी त्याचं काय करू? चांगोने हात मागे घेतला.

"वर ने त्यो," म्हणाला. "खालची आमची हाय."

वर्ष फिरलं, परवा खंडेनवमी झाली. आमच्याकडे त्या दिवशी वाद्यं पुजतात. दर वर्षी मधल्या पाटावर माझी पेटी असते आणि बाजूला दादांचं तुणतुणं. या वर्षी मी शिकवणीवरून घरी आलो तर आक्काने पेटी मागे सारली होती. मधल्या पाटावर कोयता, त्याच्या पात्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, "धार लावलीस का?"

"कालच लावली," मी म्हटलं.